रखमाजींना कोर्टाने पालक नेमलं

राजुरीच्या रखमाजींनी उभ्या आयुष्यात स्वतःहून एकही निर्णय घेतला नाही, आणि त्याची त्यांना काडीची खंत नव्हती. कांदा कधी काढायचा, सोयरीक कुठे जुळवायची, सगळं बायको चिमाबाई ठरवत. वाटेत कोणी चहाला थांबवलं तरी रखमाजी म्हणत, "घरी इचारून येतो." गाव हसायचं. हसणाऱ्यांच्या घरी काही वेगळं चालत नव्हतं.

मागच्या वर्षी चिमाबाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, माणसं ओळखेनात. आळेफाट्याजवळचं रस्त्याकडेचं रान त्यांच्या नावावर, माहेरकडून आलेलं. थोरल्या मुलाने, अमृतने, लगेच गिऱ्हाईक आणलं. कुंपणच शेत खायला निघालं! पण विकायला कोर्टाची परवानगी हवी, आणि अर्जावर पालकाची सही. सांगतील तिथे सही करणारा माणूस घरातच होता. अमृतच्या खटपटीने कोर्टाने रखमाजींना बायकोचे तात्पुरते पालक नेमलं. ज्यांना स्वतःचा चहा ठरवता येत नव्हता, त्यांच्या हाती चिमाबाईंचा कारभार आला.

अमृतने अर्ज पुढे केला. "आण्णा, इथं सही करा."

"थांब, तुझ्या आईला इचारतो."

"अवो, तिला कळत न्हाई म्हणून तर तुमाला नेमलंय!"

"मंग कळायला लागली की इचारू."

वकील समजावून थकला, गिऱ्हाईक हेलपाटे मारून थकलं. रखमाजी रोज खाटेपाशी बसून विचारत, "अगं, अमृत रान इकायचं म्हणतोय. काय करू?" मग ते डोळे पुसत आणि तिला पेज भरवत. माणूस भित्रा खरा, पण त्या भित्रेपणावर माझा जीव जडला.

उन्हाळ्यात चिमाबाई बोलू लागल्या. तोंड जरा वाकडं, बोल मात्र सरळ. तरी अमृतचा हट्ट, आईला अजून समज नाही, पालकाची मुदत वाढवा. तारखेला जज्जसाहेबांनी रखमाजींना विचारलं, "तुमच्या पत्नीला आता स्वतःचे निर्णय घेता येतात का?"

रखमाजींनी सवयीने शेजारी बसलेल्या चिमाबाईंकडे मान वळवली. "अगं, काय सांगू?"

"व्हय म्हणा," चिमाबाई म्हणाल्या. "आन् रान इकायचं न्हाई, त्ये बी सांगा."

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी चिमाबाईंना आणखी दोन-चार प्रश्न विचारले आणि पालकत्व संपवलं.

बाहेर वकिलाने रखमाजींना चहा विचारला. ते काही बोलायच्या आत चिमाबाई म्हणाल्या, "घ्या. लई दमलाय तुमी."

रखमाजी भर रस्त्यात रडायला लागले. तेवढं मात्र त्यांनी कोणालाच विचारलं नाही.