वीतभर लांब डावी बाही

समजा, संग्रहालयाच्या काचेआड एक फार जुनं, हाताने विणलेलं जाकीट आहे. हात लावायचा नाही. नुसत्या नजरेने टाके मोजायचे आणि घरी येऊन यंत्रावर तसंच विणायचं. पण त्याची डावी बाही उजवीपेक्षा वीतभर लांब आहे. तुम्ही काय कराल?

गुंडीने सिद्धांत मांडला. गुंडी हे तिचं घरातलं नाव. जुने कपडे पाहून नवे स्वेटर बेतणं हा तिचा व्यवसाय. "उजवा हात कामाला, डावा उबेला. त्या काळची रीतच असणार," तिने आपल्या स्वेटरच्या दुकानाच्या मालकीणबाईंना ठासून सांगितलं. त्या इतक्या भारावल्या, की दुकानाच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच गुंडीच्या नावाचा विभाग ठेवला.

घरी आत्याने तसा एक स्वेटर चढवून पाहिला. "अगं, कपाच्या आधी बाहीच चहा पिते की!"

"आत्या, हे प्रायोगिक आहे."

"मग प्रयोग उजवीकडे कर. मी डावखुरी आहे, माहितीये ना?"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुंडी जाकिटाचा फोटो काढायला संग्रहालयात गेली. तिथे कपड्यांची निगा राखणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "काचेत येण्याआधी हे वर्षानुवर्षं डाव्या बाहीने खुंटीला टांगलेलं होतं. लोंबकळून ताणलं बिचारं."

गुंडीचा चेहरा खर्रकन उतरला. विणलेला कपडा टांगायचा नाही, घडी घालून ठेवायचा, हे ती स्वतःच शिकाऊ मुलींकडून घोकून घ्यायची.

ती तडक मालकीणबाईंकडे गेली. "माझ्या नावाखाली खोटी रीत नको. काढून टाका माझा विभाग."

"वेडी आहेस का? खुंटीची गोष्ट तर रीतीपेक्षा भारी आहे!" त्यांनी लगेच नवी पाटी लिहवून घेतली: 'काळाने विणलेली बाही.'

प्रदर्शन गाजलं. लोकांनी गुंडीची तोंडभरून स्तुती केली, स्वेटर घेतले आणि दाराबाहेर पडताच डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. सगळं खरं सांगूनही तिचं नाव झालं ते खुंटीच्या करामतीवर, याची चुटपुट तिला लागून राहिली.

आता तिला ते जाकीट विणणारीने विणलं होतं अगदी तसंच विणायचंय. उजव्या बाहीचं माप घेऊन दोन्ही बाह्या सारख्या केल्या की झालं, असं तिला वाटलं होतं. पण लोकर धुतली की आटतेही. मग उजवी तरी मूळ मापाची आहे, की कुणीतरी कधीतरी ती गरम पाण्यात बुडवली होती?