सगळे जेवले का?

शोकसभेत माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि बघता बघता त्यांनी माझ्या बाबांच्या हातून शत्रूची अख्खी चौकी उडवली. मी पुढच्या रांगेत दातओठ खात बसले होते. बाबा युद्धात होते हे खरं, पण ते तिथे आचारी होते. त्यांना मिळालेली बंदूक कांद्याच्या पोत्यामागे टेकवलेली असायची, हे ते स्वतःच हसत सांगायचे. लोक माना डोलावत होते. मला उठून सांगावंसं वाटलं की अहो, हा माणूस कोण होता ते मला विचारा, मी जन्मभर त्याच्यावर वैतागले आहे. पण धाकट्या भावाने माझा हात दाबून धरला. सभेला तो नेहमीसारखा उशिरा आला होता, हात दाबायला मात्र अगदी वेळेवर.

बाबा युद्धातून परतले ते थेट एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रुजू झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. घरी त्यांनी कधी झारा हातात धरला नाही. घरात त्यांचं एकच काम, ते म्हणजे विचारणं, "सगळे जेवले का?" घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय ते घास तोंडात घालत नसत. बरं, नुसतं "हो, जेवलो" म्हणून भागायचं नाही. ते उठून मोरीत बघायचे. प्रत्येकाचं ताट त्यांच्या ओळखीचं होतं. माझ्या ताटाला पोचा होता, भावाचं सर्वांत मोठं आणि आईचं सर्वांत लहान. ताट खरकटं होऊन मोरीत पडलेलं असेल तर माणूस जेवला. मांडणीवर स्वच्छ उभं असेल तर नाही जेवला, मग तुम्ही देवाची शपथ घ्या.

मैत्रिणीकडून पोटभर जेवून आले तरी सुटका नसायची.

"बाबा, पोट फुटेल आता."

"दोन घास खा. ताट खरकटं होऊ दे."

भावाचं तर विचारूच नका. तो छापखान्यात कामाला, पाळी संपली की मित्रांबरोबर कुठेतरी उंडारायचा आणि निरोप द्यायचा नाही. बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर दाराकडे तोंड करून उपाशी बसायचे. भाऊ आला की मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायचे. बाबा मात्र "जेव रे, गार होतंय" एवढंच म्हणायचे आणि माझा संताप आणखी वाढायचा.

पण खरी फरफट झाली ती आईची. तिचं ताट आधी खरकटं व्हायला हवं, म्हणून ती जन्मभर एकटी जेवली. तिला फार काही नको होतं. "एकदा तरी माझ्या समोर बसून जेवा हो," एवढंच म्हणायची. बाबा मान हलवायचे, समोर बसायचे आणि ती दुसरा घास घेईपर्यंत मीठ नाहीतर पाणी आणायला उठायचे, ते तिचं जेवण होईपर्यंत परत बसायचे नाहीत. एकदा ती मला म्हणाली, "मी लग्न केलं की मेस चालवली, तेच कळत नाही बघ." आम्ही दोघी हसलो.

मग तिनेच मला यामागचं कारण सांगितलं. युद्धात एक तुकडी पहाटे पुढच्या चौकीवर गेली होती, दुपारी जेवायला येणार होती. बाबांनी स्वयंपाक करून त्यांची ताटं मांडून ठेवली. भूक लागली म्हणून स्वतः आधी जेवून घेतलं. तुकडी आलीच नाही. संध्याकाळी वरिष्ठ म्हणाले, ताटं धुऊन ठेव. बाबा तिला म्हणाले होते, "धुवायची काय? उष्टी कुठे झाली होती ती?"

हे कळल्यावर माझा राग जायला हवा होता. गेला नाही. त्या पोरांसाठी जीव तुटला, पण माझ्या आईने काय पाप केलं होतं? तिची ती एक इच्छा शेवटपर्यंत तशीच राहिली, आणि आई गेली.

मग बाबांनी खाणंच सोडलं. आम्ही जेवायचो, ते मोरीत बघायचे, मग मांडणीवरच्या आईच्या ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघू नंतर." भावाने ते ताट लपवून ठेवलं. बाबांनी अख्खं घर पालथं घालून ते शोधलं आणि जागेवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर माणूस हातचा जाईल. मी समजावलं, रडले, आरडाओरडा केला. शेवटी एके दुपारी डोकंच फिरलं. आईचं ताट खस्सकन ओढलं, त्यात वाढून घेतलं, बाबांच्या समोर बसून जेवले आणि ताट मोरीत आदळलं.

"झालं खरकटं! आता तरी जेवा!"

ते उठले. मोरीत वाकून बघितलं. खुर्ची ओढली आणि जेवले.

तेव्हापासून मी रोज आईच्या ताटात जेवायचे आणि वर माझं ताट खरकटं करायला त्यातही चार घास खायचे. दोन-दोन ताटं खाऊन चांगली फुगले. एक दिवस असह्य झालं.

"बाबा, आई नाहीये आता. तिच्या ताटात मी जेवते, मी!"

"माहीत आहे."

"मग कशाला हा सगळा छळ?"

"स्वच्छ ताट बघवत नाही गं मला," ते म्हणाले. "तू तेवढं करतेस, म्हणून घास उतरतो."

मी दोन ताटं खात राहिले, धुसफुसत राहिले, आणि बाबा त्यावर आणखी बरीच वर्षं जगले.

शोकसभेहून घरी आलो तेव्हा मला घास जाईना. मांडणीवर बाबांचं ताट उभं होतं, लख्ख. त्या अध्यक्षांचा राग, बाबांचा राग, सगळा मी भावावर काढला. तू कधी वेळेवर आला नाहीस, तुझ्यापायी तो माणूस उपाशी बसायचा, वगैरे वगैरे. तो उठला, बाबांचं ताट घेतलं, वाढून घेतलं आणि खाली मान घालून शेवटच्या शितापर्यंत जेवला. मग ते ताट न विसळता मोरीत ठेवलं.

"जेव आता," तो म्हणाला.

मी उठून मोरीत बघितलं. मग खुर्ची ओढली.