पलंगाखालचा होल्डॉल
कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला की मला सुरतेजवळच्या उधन्याच्या आमच्या घरातला पलंगाखालचा होल्डॉल आठवतो. मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले, तेव्हा वडिलांच्या कचेरीत प्रत्येकाकडून कुठल्या राज्यात राहणार ते लिहून घेतलं होतं. त्या कागदाला सगळे ‘ऑप्शन’ म्हणत. वडिलांनी आईला न विचारता गुजरात लिहिलं. महाराष्ट्रात जायचं म्हणून आईनं बांधून ठेवलेला होल्डॉल पलंगाखाली सरकवला, आणि त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. नव्वद सालानंतर आई गेली. तिला जाऊन चार वर्षं झाली, तोवर वडिलांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी, शेजारच्या यंत्रमागांची खडखड चालू असताना, त्यांनी मला आई समजून हातात एक कागद दिला. त्यावर थरथरत्या अक्षरात ‘महाराष्ट्र’ लिहिलेलं. “अगं, ऑप्शन बदलला मी. उद्या साहेबांना देतो. तू सामान बांधायला घे.” “बांधलेलंच आहे,” मी म्हटलं, आणि त्यांना दाखवायला होल्डॉल ओढून पट्टे सोडले. आत आईची दोन लुगडी, त्यांचा कोट, माझं तान्हेपणीचं झबलं, आणि घडीघडीत कडुनिंबाचा पाला. पाला हिरवागार होता. घरात आम्ही दोघंच राहत होतो, आणि मी तर तो होल्डॉल पहिल्यांदाच उघडत होते. मला बाजूला सारून वडिलांनी पट्टे पुन्हा आवळले. हात अगदी सराईत होते. आता होल्डॉल माझ्या पलंगाखाली असतो. पाला मी बदलते.