नवसाचं ताट कुठे ठेवायचं

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. मला त्याचा अभिमान आहे, आणि माझ्या मामांना माझ्यापेक्षा जास्त. म्हणून प्रश्न विचारण्याआधी त्यांचं ठरलेलं, "ग्रॅज्युएट शे ना तू, मंग सांग."

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. अमळनेरजवळच्या खेड्यात कपाशी करतात. आई आणि मी येशूवर विश्वास ठेवायला लागलो तेव्हा बाकी नातेवाईक भांडले. मामा विचारत राहिले. तुमचा देव रागावला तर काय करतो? त्याला बायको का नाही? सुटी असली की मी जळगावहून एसटीने जायची, ओट्यावर बसून जमेल तसं सांगायची. मामा ऐकायचे, मान हलवायचे आणि दिवेलागणीला आपल्या देवांपुढे दिवा लावायचे. आईची एकच इच्छा होती, भावाला येशू कळावा. माझीही तीच. पण विश्वास काही कुणाच्या घशात ओतता येत नाही. सांगायचं काम माझं, पुढचं देवाचं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी मामांचा फोन आला. बैल बसला होता, उठत नव्हता. डॉक्टरने सुई दिली, पण फार आशा नाही म्हणाला. तेव्हा गोठ्यात एकटे असताना मामांनी येशूला नवस बोलला. सकाळी बैल उभा.

"आते नवस फेडाना शे," मामा म्हणाले. "तुना देवले काय चालस? बोकड का वरण-बट्टी?"

मला हसू आलं आणि अंगावर काटाही. मामांनी आपणहून त्याला हाक मारली होती! मी म्हटलं, "मामा, त्याले काहीच देनं नही पडस."

"फुकट? असं कसं?" म्हणाले आणि रविवारी सगळ्या भाऊबंदांना वरण-बट्टीचं आवतण देऊन मोकळे झाले.

मी पोचले तेव्हा पंगत बसली होती. तुपातल्या बट्ट्या, वरण, घोटलेली वांगी. पण नैवेद्याआधी कुणी घास घेणार नाही. मामा नैवेद्याचं ताट हातात घेऊन अंगणाच्या मधोमध उभे. नवस म्हसोबाचा असता तर शेताच्या बांधावर गेले असते. इथे ना मूर्ती, ना शेंदूर.

"सांग व माय, कोठे ठेवू?"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. ठेवूच नका म्हटलं, तर चारचौघांत मामांचा अपमान. पुन्हा कधी येशूचं नाव घेणार नाहीत. कुठेही ठेवा म्हटलं, तर येशू म्हणजे नवसाला पावणारा आणखी एक देव, एवढंच त्यांच्या मनात राहणार. मी मनातल्या मनात प्रार्थना केली.

तेवढ्यात मामांनीच विचारलं, "बैल मरी जाता, तं तुना देव कोठे ऱ्हाता?"

मी जे बोलले ते मला सुचलं, की सुचवलं गेलं, कोण जाणे. "तठेच, मामा. गोठामा. तुमनाजवळ."

मामा वळले, गोठ्यात गेले आणि ताट गव्हाणीत ठेवून हात जोडले. बैलाने मान खाली घालून बट्टी खाल्ली.

"देवनं पोट भरनं," मामी ओरडली, "आते आमले वाढा!" पंगत हसली. मामाही हसले.

त्यांना काय कळलं, मला माहीत नाही. जेवताना मी सारखी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. संध्याकाळी एसटीची वाट पाहताना ते म्हणाले, "नवस नही, त्याले काही देनं नही. मंग त्यानासंगे बोलानं तरी काय?"

"त्या रात्री बोलनात तसंच बोला," मी म्हटलं. गाडी आली.

परवा मामी फोनवर कुरकुरत होती. "तुना मामा सकाळी गोठामा एकलाच बोलत बसस. चहा थंडा व्हई जास."

काय बोलतात ते, असं तोंडावर आलं होतं. नाही विचारलं. मामीला म्हटलं, "चहा झाकीसन ठेव."