मच्छिंद्रने घेतलेली परीक्षा

मच्छिंद्र माणसाला आधी पारखायचा, मग चहा पाजायचा. संगमनेर सोडून बारा वर्षं कतारमध्ये परांच्या बांधताना त्याने एवढी अक्कल कमावली होती.

२०२२ चा उन्हाळा होता. वर्ल्डकपची स्टेडियमं उभी राहिली होती आणि बिरकत अल अवामेरच्या मजुरांच्या कँपात रोज कुणी ना कुणी बॅग भरत होतं. अशात एका शुक्रवारी इकबालच्या चहाच्या दुकानात ईरा येऊन बसली. पुण्याची, विशीतली, दोह्याच्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर अरबी शिकणारी. साइटवरची माणसं कसलं अरबी बोलतात ते टिपून आणायला म्हणे सरांनी सांगितलं होतं.

मच्छिंद्रला यातलं अक्षरही पटलं नाही. विद्यापीठ सोडून कुणी परांचीवाल्याकडे अरबी शिकायला येतं का? त्यात टेबलावर मोबाइल, तोही रेकॉर्डिंग चालू. एकतर ही पेपरवाली, नाहीतर कंपनीनेच पेरलेली. मागे एकजण असाच कुणापुढे बोलला आणि आठ दिवसांत विमानात बसला. मच्छिंद्रची शालू नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पास होईपर्यंत ही नोकरी टिकायलाच हवी होती. त्याने ईराला 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे संपलं, एवढे दोन शब्द दिले नि तोंड मिटलं.

पोरगी चिवट. पुढच्या शुक्रवारीही आली. वर्गातल्या मुली आपल्याशी इंग्रजीतच बोलतात, वर्षभरात आपलं अरबी पुस्तकाबाहेर पडलंच नाही, असं रडवेल्या तोंडाने सांगत बसली. मच्छिंद्रला तिची कीव आली. पण कीव वेगळी, भरवसा वेगळा.

मग त्याने तिची परीक्षाच घ्यायची ठरवली. खिशात रजेच्या अरबी अर्जाची प्रत होती. गुरुवारीच त्याने सही केली होती. दोन महिने सुट्टी, मग परत कामावर, असं श्यामरावांनी सगळ्यांना समजावलं होतं. श्यामराव कंपनीचे टाइमकीपर, मच्छिंद्रच्याच तालुक्यातले. साहेबाशी ते असं फाडफाड अरबी बोलत की ऐकत राहावं. तेव्हा आपल्याला ठाऊक असलेलाच कागद पुढे करायचा. खोटं वाचलं की सापडली.

"ताई, एवढं वाचून दावा," तो म्हणाला.

ईराने बोट ठेवून दोनदा वाचलं. "काका, हा राजीनामा आहे. मी स्वखुशीने नोकरी सोडतोय, असं लिहिलंय."

मच्छिंद्र मनात हसला. माणसं भडकवायची आणि बातमी करायची, हाच हिचा धंदा. त्याने कागद ओढून घेतला, इकबालला सांगून तिला तिथल्या तिथे दुकानातून उठवलं आणि थेट श्यामरावांची खोली गाठली.

श्यामराव नखं कापत बसले होते. मच्छिंद्रने हसत हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"एकदा मोठ्यानं वाचा तुम्ही," मच्छिंद्र कागद देत म्हणाला, "म्हंजी लोकास्नी सांगता येईल."

श्यामराव कागदाकडे बघत राहिले. "मला बोलता येतं रे. वाचाया कुणी शिकिवलं? साहेबानं सांगितलं, तेच म्या तुम्हाला सांगितलं."

बारा वर्षांत या माणसाच्या हातात कुणी एकदाही अरबी कागद देऊन पाहिला नव्हता.

श्यामरावांनी गादीखालून आपली प्रत काढली. तिच्यावर त्यांचीही सही होती.

"ती पोरगी हाय का अजून दुकानात?" त्यांनी विचारलं.

"मीच हाकलली तिला," मच्छिंद्र म्हणाला.