केसभर जाड शाफ्ट

आमच्या मालकांच्या तेराव्याच्या पंक्तीतच मला लेथचा भाव विचारला गेला. मालक म्हणजे माझा नवरा. शिरोली एमआयडीसीत आमचं एका लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या एका मशीनचं, वर्कशॉप आहे. लेथवर मिस्त्री असायचा, मापं मी घ्यायची, मालक सगळीकडे असायचे. भाव विचारणारा माझा सख्खा दीर होता आणि तो दुसऱ्या कुणासाठी तरी विचारत होता. माणूस वाईट नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की बाईमाणसानं धंदा करावा तर पापडाचा करावा, शाफ्टचा कशाला?

मी म्हणाले, "दसऱ्यापतोर थांबा. एक जोखमीचं काम माझ्या हातनं पार पडू दे. न्हाय पडलं तर न्या मशीन उचलून."

बोलून बसले खरी, पण काम कुठलं? जुनी गिऱ्हाइकं यायची, हळहळायची, चहा प्यायची आणि काम शेजारच्या शेडमध्ये टाकून जायची.

अशात मालवणहून एक निवृत्त गृहस्थ जीपच्या टपावर चादरीत गुंडाळलेला शाफ्ट बांधून आले. त्यांची एक जुनी शिडाची बोट होती. वारा पडला की चालवायला तिला एक लहानसं इंजिन. इंजिनापासून बोटीच्या बुडातून बाहेर पाण्यात जाणारा हा शाफ्ट आणि त्याच्या टोकाला पंखा. पंख्यात जाळ्याचा दोर अडकला, शाफ्ट वाकला आणि ज्या कड्यात तो फिरतो त्या बुशात घासून घासून त्याला खोबणही पडली. गावात कुणीतरी सांगितलं, कोल्हापूरला जा, तिकडे कसलाही शाफ्ट करून देतात. खोटं नाही ते. गुऱ्हाळाचे केलेत, पंपाचे केलेत. समुद्राशी तेवढी आमची ओळख नव्हती.

मिस्त्रीने शाफ्ट प्रेसवर घेतला. मी वाक दाखवणारा डायल लावून "अजून जरा" म्हणायची आणि तो दाबायचा. सरळ झाल्यावर खोबण स्टेनलेसच्याच वेल्डिंग रॉडने भरली आणि लेथवर कट घेत घेत मापाला आणली. शेवटचा कट राहिला असताना मिस्त्रीने मशीन बंद केलं.

"वैनी, एवढं ऱ्हाऊ द्या की."

"केसभर जाड हाय अजून."

"असू दे. पावणं लांबनं आल्यात. त्यास्नी कमी देऊन कसं चालंल?"

आमच्याकडे पाहुण्याच्या वाटीत रस्सा कमी पडला तर घराचं नाव जातं. मला त्याचं बोलणं पटलं.

काम पार पाडायचं म्हणजे बसवूनही द्यायचं, म्हणून मी आणि मिस्त्री गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला गेलो. बोट वाळूवर टेकू देऊन उभी होती. शाफ्ट बाहेरून बुडातल्या नळीत सरकला, बुशापाशी आला आणि थांबला. ढकलून बघितला, फिरवून बघितला. जागचा हलेना. मिस्त्रीने बराच वेळ बोटीकडे बघितलं आणि तोडगा सांगितला, "बोटीचं भोक वाढवूया."

पाहुणे बोटीच्या आणि मिस्त्रीच्या मधे येऊन उभे राहिले.

तेवढ्यात दिराचा फोन आला. उद्या सकाळी एकजण लेथ बघायला येतोय म्हणाला. "येऊ द्या," म्हणून मी फोन ठेवला. हा शाफ्ट असाच परत नेला असता, तर लेथ गेलाच होता. लग्न झाल्यापासूनचं माझं सगळं आयुष्य त्या लेथच्या कडेला उभं राहून गेलंय. तो गेल्यावर मी कुठे उभी राहणार होते?

मी पॉलिश पेपर मागवला. त्याची पट्टी शाफ्टभोवती घालून दोन्ही टोकांनी ओढायची. पाहुणे आणि मिस्त्री शाफ्ट फिरवत होते, मी ओढत होते. एकाच बाजूने ओढलं की गोलाचं अंडं होतं, म्हणून दर थोड्या वेळाने माप घ्यायचं. मिस्त्री मधूनमधून समुद्राकडे बघून "लई पाणी हाय की हो" म्हणत होता. माझ्या बोटांची सालं निघाली. उन्हं कलायला लागली तेव्हा शाफ्ट हाताने, ठोका न मारता, बुशात गेला.

भरतीला बोट पाण्यात घेतली आणि इंजिन सुरू केलं. शाफ्ट इतका सरळ फिरत होता, की फिरतोय हेच कळेना.

"बघा की," मी मान वळवून म्हणाले.

मालक तिथे नव्हते. ते गेल्यापासून मी रडले नव्हते, कारण घरात बघायला माणसं फार. त्या इंजिनच्या आवाजात मी मोठ्याने रडले. पाहुणे घाबरले. बोटीत पाणी शिरलं असं वाटून ते फळ्या उचलून बघायला लागले.

आम्ही रातोरात घाट चढून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर त्या माणसाला घेऊन शेडमध्ये आला. त्या माणसाने लेथभोवती एक चक्कर मारली, काम पकडणाऱ्या चकवरून हात फिरवला. मी समोर उभी होते, तरी त्याने विचारलं दिराला, "मशीन चालतंय न्हवं?"

दीर माझ्याकडे बघायला लागला.

"चालतंय," मी म्हणाले. "म्हणूनच विकायचं न्हाय."