बाबांचा रनिंग बॅक

माझा चुलतभाऊ माझ्याहून थोडाच लहान. काका लग्नानंतर टेक्सासला गेले आणि तो तिकडेच जन्मला. मी मुलुंड पूर्वेला. दोघंही नववीत असताना खेळायला लागलो. मी शाळेच्या कबड्डी संघात चढाई करायचे. तो त्याच्या शाळेच्या फुटबॉल संघात. आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळतात तो. तो रनिंग बॅक होता. म्हणजे चेंडू पोटाशी आवळायचा आणि समोरच्या आडदांड पोरांमधून फट शोधून पळत सुटायचं. पाडतील तिथपर्यंतची जमीन आपली.

त्यांच्या मॅचेस शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी. त्याची शाळा त्या इंटरनेटवर दाखवायची. बाबा साखरेच्या डब्याला फोन टेकवून, चहा घेऊन बसायचे. महिन्याभरात त्यांना सगळे नियम पाठ. "डावीकडे मोकळं होतं रे," असं फोनला सांगायचे.

माझ्याही मॅचेस शनिवारीच असायच्या. मी बूट बांधताना म्हणायचे, "बाबा, आज घाटकोपरला आहे."

"हो का? जपून खेळ गं," ते म्हणायचे. मान वर न करता.

बाबा तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेले. आजोबा गिरणीत होते तेव्हा चाळीच्या मंडळाकडून. म्हणून मला जास्त लागायचं. ज्यातलं त्यांना कळत नव्हतं ते ते शिकून घेत होते, आणि जे रक्तात होतं ते बघायला येत नव्हते.

दहावीच्या वर्षी आम्ही आंतरशालेय स्पर्धा जिंकलो. सर्वोत्तम चढाईसाठी मला इस्त्री मिळाली. खोका छातीशी धरून घरी आले, तर बाबा गावच्या आत्याशी फोनवर बोलत होते, "तिघांना अंगावर घेऊन आत घुसला बघ." मला वाटलं, माझंच सांगतायत. मग त्याच्या खेळातलं "टचडाउन" ऐकू आलं. फोन ठेवल्यावर त्यांनी खोका बघितला, "वा, झकास" म्हणाले आणि टेबलावर जागा नव्हती म्हणून तो पलंगाखाली सरकवला.

पुढे त्याला खेळावर कॉलेजात प्रवेश मिळाला, फीसुद्धा माफ झाली. बाबांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मलाही अंधेरीच्या कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातूनच जागा मिळाली होती. आई म्हणाली, "हिचेही वाटा की." बाबा म्हणाले, "त्याच पेढ्यांत धर ना."

पहिलं वर्षभर तो राखीव म्हणून बाकावर बसून होता. ती बातमी आली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी सरावात माझे पाय जमिनीला लागत नव्हते. दुसऱ्या वर्षी तो खेळायला लागला, आणि चांगला खेळायला लागला. काकू फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकायची. मी ते न बघता अंगठा द्यायचे, आणि मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा पुन्हा बघायचे. वळताना तो इतका सुंदर दिसायचा की माझा जीव जळायचा.

तिसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला. पाय मातीत रुतला आणि अंग वळलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. माझं बोट मोडलं होतं तेव्हा "बर्फ लाव" म्हणून ऑफिसला गेले होते. मला त्याच्या गुडघ्याचाही हेवा वाटला.

ऑपरेशननंतर, डिसेंबरात, तो आमच्याकडे आला. चांगला उंच, जरासा लंगडत. आणि बाबांनी त्याला नाहूरला माझी मॅच बघायला आणलं. पहिल्यांदा. पुतण्याला कबड्डी दाखवायला. मी शेवटच्या चढाईत दोघींना बाद करून मध्यरेषेवर हात टेकला. वळून बघितलं, तर तो उभा राहून ओरडत होता आणि बाबा त्याला काहीतरी समजावत होते.

मॅचनंतर बाबा चहा आणायला गेले. तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "काका मला सांगते, तसंच तू करते."

"काय सांगतात?"

"प्रत्येक गेमनंतर व्हॉइस नोट पाठवते ना. तुला नाही?"

त्याने फोन पुढे केला. एक ऐकली. बाबांचा आवाज, माझ्याशी कधी नसायचा असा निवांत. 'वळायच्या आधी तू खांदा पाडतोस. समोरच्याला कळतं. खांदा सरळ ठेव, कमरेतून वळ.' खाली आणखी कितीतरी होत्या. मी फोन परत दिला.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, "माझ्या मॅचला का नाही येत तुम्ही?"

त्यांनी चपला कोपऱ्यात नीट लावल्या. मग म्हणाले, "त्याचं बघताना मजा येते गं. तुझं मात्र बघवत नाही, भीती वाटते. आजही मी अर्धा वेळ त्याच्याशीच बोलत होतो, मॅटकडे बघायला नको म्हणून."

"आणि माझा खांदा?"

"तुझा कुठे पडतो? तुला काय सांगायचं?"

आईने नंतर मला समजावलं की हे किती मोठं कौतुक आहे. असेल. मला ते पुरलं नाही. मला कौतुक नको होतं. चुका दाखवणारा आवाज हवा होता.

त्याचा खेळ त्या गुडघ्यावरच संपला. आता तो डॅलसला एका कंपनीत आहे. मी अजून खेळते, ऑफिसच्या संघाकडून. गेल्या मोसमात बाबा एकदा आले, अगदी मागच्या रांगेत बसले आणि मध्यंतरातच निघून गेले. रविवारी मात्र त्याला व्हिडिओ कॉल लावतात. गुडघा कसा आहे, वजन वाढलं का, सगळं विचारतात. मी बाजूच्या खोलीत असते, आणि दार लावून घेत नाही.